गौर तुमच्याही घरी येते

पत्र थोडक्यात असं : "मी 39 वर्षांची. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात वाढले, आता पुण्यात एकटी राहते, नोकरी बरी आहे. वडील शिक्षक होते, देवळाच्या कमिटीवर होते. गावात त्यांना देवमाणूस म्हणतात. पहाटे सोवळं नेसून दीड तास पूजा करायचे. ती आटोपली की मला आणि भावाला समोर बसवून रामरक्षा म्हणून घ्यायचे. चुकलं की पट्टा. आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. मी सोळा वर्षांची होईपर्यंत हे चाललं. आता ते 74 वर्षांचे आहेत, गुडघ्यांनी बेजार. मला देव हवा आहे, पण घंटा वाजली की पोटात खड्डा पडतो. ध्यानाच्या वर्गाला गेले, तर डोळे मिटल्यावर त्यांच्या चपलांचा आवाज येतो. आत्या म्हणते पितृदोष आहे, त्र्यंबकला नारायण नागबळी कर. वर्गातल्या बाई म्हणतात, क्षमा केल्याशिवाय मन मोकळं होणार नाही. आई म्हणते, गौरी-गणपतीला ये, पाया पड, विसरून जा. मी देव सोडावा की वडिलांना माफ करावं? मला दोन्ही जमत नाहीये."

ताई, दोन्ही जमत नाहीये याचं कारण हे दोन्ही प्रश्न अजून तुमच्या वाट्याचे नाहीत. क्षमेचा तर मुळीच नाही. तो माळ्यावर टाकून द्या. कधी खाली काढावासा वाटला तर काढा, नाही वाटला तर तिथेच राहू दे. आधी त्या घंटेचं बघू.

तुमच्या घरात देव आणि पट्टा एकाच चटईवर बसत होते. घंटा, उगाळलेलं चंदन, कापूर, 'चरितं रघुनाथस्य', आणि मग मार. बारा-चौदा वर्षं रोज ही गोष्ट याच क्रमाने घडली की शरीर ती पाठ करतं. घंटा वाजल्यावर पोटात पडणारा खड्डा म्हणजे अश्रद्धा नव्हे, शरीराची उत्तम स्मरणशक्ती आहे. तिच्याशी वाद घालून उपयोग नसतो. तिला नवा क्रम शिकवावा लागतो, आणि तो जुन्या सामानावर शिकवता येत नाही.

म्हणून पहिलं काम सामान बदलण्याचं. देवघरातली घंटा कपाटात ठेवा. घंटेवाचून पूजा अडत नाही. चंदन-कापूर बंद, वासाची आठवण सगळ्यात चिवट असते. फुलं ठेवा, तीही वडील वाहत नसत अशी. त्यांची वेळ पहाटेची होती, तुमची दिवेलागणीची असू द्या. ते सोवळ्यात बसायचे, तुम्ही ऑफिसच्या कपड्यांत हातपाय धुऊन बसा. रामरक्षा बाजूला. संस्कृतच नको काही महिने. जिथे उच्चार चुकू शकतो तिथे तुमचं अंग पट्ट्याची वाट बघतं. साधं मराठी बोला, किंवा ज्यात चुकायला जागाच नाही असं एखादं नाव घ्या. आणि बसण्याची जागा बघा : पाठ भिंतीला, दार समोर. देवाकडे तोंड आणि दाराकडे पाठ अशी बैठक तुमच्यासाठी नाही. ईशान्य दिशेचं नंतर बघता येईल.

आता डोळे. ध्यानाच्या वर्गात सगळ्यांना एकच सूचना मिळते : डोळे मिटा, शांत बसा, श्वासाकडे बघा. ज्याचं बालपण बरं गेलं त्याला शांतता म्हणजे आराम. तुमच्या घरात शांतता म्हणजे पाऊल वाजायच्या आधीचा वेळ. त्या वेळात कान टवकारून बसण्याची सवय लागलेलं मूल मोठं झालं तरी डोळे मिटल्याबरोबर कान टवकारतं. यात तुमचं किंवा ध्यानाचं काही चुकत नाही. एका माणसाचं औषध दुसऱ्याला दिलं गेलंय, इतकंच. वर्ग सध्या थांबवा. इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्राला जायचा विचार मनात येत असेल (अशा पत्रांत तो बहुतेक असतोच), तर तोही या वर्षी नको. दहा दिवस मौन, पहाटे चारला उठणं, दिवसाला दहाएक तास बैठक, आणि मधे तिथल्या शिक्षक-व्यवस्थापकांखेरीज कुणाशी बोलायची सोय नाही, ही भट्टी फार कडक आहे. पुढे कधी गेलातच तर अर्जात मानसिक आरोग्याबद्दल विचारलेलं असतं, ते खरं भरा. ती माहिती तुम्हाला जपायला मागतात.

त्याऐवजी हे करून बघा. निरांजनात तुपाची एक फुलवात लावा. तूप बेताचं घाला, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत ती आपोआप शांत होते. तेवढाच वेळ बसायचं, घड्याळ लागत नाही. डोळे उघडे, नजर ज्योतीच्या जराशी खाली. पाय जमिनीला टेकलेले, अनवाणी; मांडी घातलीच पाहिजे असं नाही, खुर्ची चालते. हातात 27 मण्यांची स्मरणी घ्या, 108 ची माळ नको. नाव मोठ्याने घ्यायचं, एका उच्छ्वासाला एक, ओढून, आपल्या कानाला ऐकू येईल असं. एक फेरी अडीच मिनिटांत होते. पहिले पंधरा दिवस एकच फेरी, मग उरलेला वेळ नुसतं ज्योतीकडे बघत बसायचं. मोठ्याने म्हणायची दोन कारणं आहेत. श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागला की छातीची धडधड खाली येते, आणि लांबवलेल्या नावात ते आपोआप घडतं. दुसरं म्हणजे घरात त्या वेळी कुणाचा आवाज आहे हे तुमच्या कानांना कळत राहतं. तो तुमचा असतो.

मध्येच चपला वाजल्याच, तर जप रेटू नका. उठा. नळाखाली मनगटं धरा, फरशीचा गारवा तळपायाला जाणवू द्या, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या : पंखा, डबा, कॅलेंडर, चार्जर, उशी. मग आजची तारीख आणि तुमचा पत्ता म्हणा. बाळबोध वाटेल, पण घाबरलेल्या मेंदूला आपण कोणत्या साली, कोणाच्या घरात आहोत हे सांगावं लागतं, आणि ते त्याला डोळ्यांनी आणि तळपायांनी जास्त लवकर कळतं. धडधड उतरली की परत बसायचं की नाही, ते त्या दिवशी ठरवा. 'खंड पडला' असं काही नसतं. खंड पडला की शिक्षा, हा नियम देवाचा नव्हता.

जप बोलायलाही नको वाटला तर लिखित जप करा, रोज एक पान. डोळे उघडे राहतात, हाताला काम असतं. अक्षर वाईट आलं तर येऊ द्या.

याच्या उलट एक गोष्ट घडू शकते आणि ती जास्त फसवी आहे. जपाला बसलात आणि एकदम तासभर उलटून गेलेला, मधलं काही आठवत नाही, हातपाय गार, आपण छतावरून स्वतःकडे बघतोय असं वाटलं. सत्संगातली माणसं याला समाधी लागली म्हणतील. मार खाणारी मुलं दुखू नये म्हणून मनाने निघून जायला शिकतात, हे बहुधा तेच निघून जाणं आहे. ध्यानानंतर माणूस जास्त हजर व्हायला हवा : भाजीत मीठ किती घातलं हे कळायला हवं. बधिर वाटत असेल तर बैठक आणखी लहान करा आणि हे समुपदेशकाला नक्की सांगा. उपासांचंही तसंच. एकादशी धरायची तर धरा, पण उपास सोडल्यावर स्वतःला विचारा : हलकं वाटतंय, की 'आज तरी सुटले' असं वाटतंय? दुसरं वाटत असेल तर तो उपास नाही, पट्टा तुमच्याच हातात आलाय.

समुपदेशक म्हटलं, तर त्याबद्दल स्पष्ट सांगते. नामस्मरण आधार देतं. इतक्या वर्षांच्या माराने शरीरात बसलेली भीती उलगडायला प्रशिक्षित माणूस लागतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असते, तो क्रमांक मागा. मागण्यात उद्धटपणा नाही. पहिल्याच भेटीत विचारा, 'लहानपणीच्या आघातावर काम करता का, कसं करता?' चांगला समुपदेशक पहिल्या काही भेटींत तुम्हाला सगळं सांगायला लावणार नाही. आधी झोप, भूक, घाबरल्यावर काय करायचं, हे बघेल. 'अहो जाऊ द्या, वडीलच आहेत, त्यांच्या काळात सगळेच मारायचे' असं तिसऱ्या भेटीपर्यंत ऐकू आलं तर फी देऊन बाहेर पडा आणि दुसरा बघा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही चालतो. रात्री जगणं नकोसं वाटलं तर सकाळची वाट न बघता तिथे फोन करा. गोळ्या चालू असतील तर कोणत्याही महाराजांच्या सांगण्यावरून बंद करू नका.

आता आत्याबाईंचा नारायण नागबळी. तो तीन दिवसांचा विधी आहे. नारायणबळी अपमृत्यू आलेल्या, गती न मिळालेल्या मृतांसाठी, आणि नागबळी नागहत्येच्या दोषासाठी, त्यात गव्हाच्या पिठाचा नाग करून त्याचा अंत्यसंस्कार करतात. श्रद्धा असलेल्यांनी तो जरूर करावा. पण तुमच्या घरात पट्टा उचलणारा हात कुठल्याही मृत पूर्वजाचा नव्हता. तो जिवंत, शिकल्या-सवरलेल्या माणसाचा होता, आणि तोच हात शाळेत इतरांच्या मुलांपुढे आवरला जात असणार. पितृदोष म्हटलं की दोष कुळावर जातो आणि माणूस सुटतो, यासाठीच ते म्हणायला सगळ्यांना सोपं जातं. 'तुझं प्रारब्ध' हेही त्यातलंच. कर्मसिद्धान्त मानायचा तर पुरा माना : प्रारब्धाबरोबर क्रियमाण कर्मही असतं, म्हणजे माणूस आज जे करतो ते. तुमचं प्रारब्ध सांगणारे वडिलांच्या क्रियमाणाविषयी गप्प का?

आणि आईवडिलांना देव मानायचं वचन. 'मातृदेवो भव, पितृदेवो भव' हे तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत आहे, अभ्यास संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जे सांगतात त्यात. त्याला लागूनच आचार्य पुढे म्हणतात की जी कर्मं निर्दोष आहेत तीच करावीत, इतर नाहीत. आमचंसुद्धा जे चांगलं वागणं असेल तेवढंच घ्यावं, बाकीचं नाही. पहिलं वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं. दुसरं कुठे रंगवलेलं बघितलंय?

क्षमेच्या बाबतीत प्रल्हादाची गोष्ट सांगतात, की बापाने इतकं छळलं तरी त्याने नरसिंहाकडे बापाची सद्गती मागितली. मागितली, हे खरं. पण कधी? हिरण्यकशिपू संपल्यावर. उकळत्या तेलाशेजारी उभं असताना त्याला कुणी क्षमा करायला सांगितलं नव्हतं. तिथे तो फक्त स्वतःचा देव धरून राहिला, बाप नको म्हणत असताना. तुमच्या वर्गातल्या बाईंना हा क्रम दाखवा, किंवा दाखवूही नका, तुमच्यापुरता लक्षात ठेवा. कुठलाही गुरू, बाबा, ताई, माँ जवळ करताना मात्र हे पाहा : गुपित ठेवायला सांगतात का, घरच्या-मित्रांच्यापासून तोडतात का, एकट्याने भेटायला बोलावतात का, प्रश्न विचारला की चिडतात का. कडक बापाच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला कडक गुरू घरच्यासारखा वाटतो, धोका तिथे आहे. अंगातलं काढतो म्हणून कुणी मारहाण केली किंवा कोंडलं, तर महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

मनात रुतून बसलेल्या वाक्यांसाठी एक छोटा विधी सांगते. वडिलांची अशी दोन-चार वाक्यं असतील, 'अवदसा', 'तुझ्याने काही होणार नाही' या जातीची. प्रत्येक वाक्याला शाडूच्या मातीचा लिंबाएवढा गोळा करा. करताना ते वाक्य एकदा मोठ्याने म्हणा आणि पुढे म्हणा, 'हे तुमचं, माझं नाही.' गोळे सावलीत पूर्ण वाळू द्या, तीन-चार दिवस. घाई करू नका. ओलसर गोळा पाण्यात टाकला तर तो दगडासारखा तसाच तळाशी बसून राहतो, आणि मग 'बघा, माझं हेही विरघळत नाही' असं वाटून माणूस आणखी खचतो. कोरड्या मातीत पाणी शिरतं, हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि गोळा आपणहून फुटतो. बादलीत सोडा, पाच मिनिटं बघत बसा, मग आपल्या कामाला लागा. दुसऱ्या दिवशी तो गाळ कुंडीत. एका बैठकीला एकच वाक्य, आणि पहिल्यांदा सगळ्यात हलकं घ्या; सगळ्यात जड वाक्य समुपदेशकाशी बोलल्यानंतर. (पितृतर्पणाने हे करावं असं कुणी सुचवेल. तर्पण मृतांसाठी असतं, वडील हयात आहेत, आणि तिळांनी त्यांचा शेवट करण्याचं नाटक तुम्हालाच टोचत राहील.)

वडिलांच्या म्हातारपणाचं. 2007 च्या कायद्याने स्वतःच्या कमाईतून वा मालमत्तेतून निर्वाह होत नसलेले आईवडील मुलांकडून निर्वाहखर्च मागू शकतात. शिक्षकाला पेन्शन असेल तर तो प्रश्नही बहुतेक येत नाही. पण बघा, कायदा पैशापाशी थांबतो : जवळ ठेवणं, पाया पडणं, रोज फोन, यातलं काही तो मागत नाही. मनाला बरं वाटणार असेल तर गुडघ्याच्या उपचाराला ठरावीक रक्कम भावाच्या खात्यावर पाठवा. सेवेचा तेवढा वाटा पुरे, आणि ज्या महिन्यात पाठवताना हात थरथरेल त्या महिन्यात नाही पाठवली तरी चालेल.

राहिला गौरी-गणपतीचा सण. नाही गेलात तरी देव कोपत नाही. आईसाठी जावंसं वाटलं तर दिवसाच्या उजेडात जा, परतीचं तिकीट आधी काढा, रात्र मुक्काम नको. आठवडाभर आधी आईला फोनवर एकदाच सांगा : "आई, मी आरतीला येईन, जेवून निघेन. बाबांच्या पाया पडणार नाही. त्यावरून बोलणं निघालं तर मी उठेन." कारणं देऊ नका, कारण दिलं की त्यावर वाटाघाटी सुरू होतात. आई रडेल. तिच्या रडण्यात तुमच्याइतकीच जुनी भीती आहे, पण ती भीती सांभाळायचं काम तुम्ही लहानपणापासून केलंय. बोलणं निघालंच तर खरोखर उठा, ताट अर्धं असलं तरी. एकदा उठलात की पुढच्या वर्षी निघत नाही. आरतीला घंटा वाजणार हे धरून चला : दारापाशी उभ्या राहा, टाळ्या वाजवा, टाळी आपल्या हाताची असते.

हा सण तुम्हाला जास्त टोचत असणार, त्याचं कारण गौर माहेरवाशीण म्हणून येते. आपली गाणी, जात्यावरच्या ओव्या, भाऊबीज, सगळं माहेराच्या मायेने भरलेलं. ज्या मुलीचं माहेरच भाजणारं होतं तिने काय म्हणायचं, हे त्यात फारसं कुठे नाही. वारकऱ्यांनी यातून एक वाट काढली, पंढरीला माहेर म्हटलं आणि विठ्ठलाला माउली. वारीत अनोळखी माणसं एकमेकांना 'माउली' म्हणतात आणि वय न बघता एकमेकांच्या पाया पडतात. सत्तरीचा माणूस तुमच्या पायाला हात लावतो. पाया पडण्याची ही दुसरी तऱ्हा एकदा अनुभवावी अशी आहे. आषाढीआधी पालखी पुण्यात येते, तेव्हा एखादा टप्पा चाला, दिंडीच्या कडेकडेने, गर्दीत मधे नको. बाहेर पडायची मोकळीक राहू द्या.

आणि गौर पुण्यात, तुमच्या घरीच आणा. मुखवटे, साड्या, सोळा भाज्या काही नको. काही घरांत खड्यांची गौर असते : कुमारिका किंवा सवाष्ण पाणवठ्यावर जाऊन पाच किंवा सात खडे वेचते, तोंडातून शब्द न काढता घरी आणते. तुम्हीच आणा. येताना कुणी काही विचारलं तरी बोलायचं नसतं, हे या वेळी तुमच्या सोयीचंच आहे. उंबऱ्यावर पायांवर पाणी घालून आत घ्या, तांदळाच्या राशीवर ठेवा, हळदकुंकू वाहा. पहिल्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी गोडाचा, तुम्हाला आवडेल तो. एखाद्या मैत्रिणीला जेवायला बोलवा. तिसऱ्या दिवशी खडे परत पाण्यात सोडतात, आणि येताना तिथली चिमूटभर वाळू घरात आणून चारी कोपऱ्यांत टाकतात.